साक्षीचा शनिवार

झेंड्याला इस्त्री करताना अण्णा पतंगे पायातल्या वहाणा काढून ठेवत. गावातल्या दुसऱ्या कुठल्या कपड्याला तो मान नव्हता. सरपंचांचा सदरासुद्धा ते वहाणा घालूनच शिवत आणि वहाणा घालूनच त्याची घडी घालत. कोळशाची इस्त्री त्यांनी आधी ओल्या फडक्यावर टेकवून पाहिली आणि मग हिरव्या पट्टीवरून सावकाश फिरवली.

"स्मारक झाल्यापासून मीच करतो," ते मला म्हणाले. "भाऊ माझा. झेंडा दुसऱ्याच्या हाती काहून देऊ?"

उंबऱ्यात ज्वारी निवडत बसलेली अंजना हसली. "माझ्या शाळेच्या ड्रेसला कधी अशी इस्त्री केली नाही हां, वृंदे."

"तुझ्या ड्रेसला हुतात्मे सलामी देत न्हवते," अण्णा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

ती पंच्याण्णव सालची पंचवीस जानेवारी. अंजना आणि मी विद्यापीठात इतिहास आणि राज्यशास्त्र अशा जोड-एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दोन्ही विषय एकदम घेणाऱ्यांना बाकीची पोरं 'धड ना इकडचे ना तिकडचे' म्हणत. आमचे विभागप्रमुख मुळजकर सर मात्र म्हणत, "इतिहासवाल्यानं विचारायचं, काय झालं. राज्यशास्त्रवाल्यानं विचारायचं, ते तसंच सांगण्यात फायदा कुणाचा. दोन्ही एकाच डोक्यात असल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही." आणि हे डोक्यात भरवण्यासाठी त्यांनी एक प्रथा घातली होती. तिचं नाव 'साक्षीचा शनिवार'.

मार्चमधल्या एका शनिवारी दोघादोघांच्या जोडीनं एक जिवंत साक्षीदार विभागात आणायचा. जोडीतल्या एकानं इतिहासवाला व्हायचं, दुसऱ्यानं राज्यशास्त्रवाला. पहिला तास इतिहासवाल्याचा, त्यानं साक्ष काढायची. दुसरा तास राज्यशास्त्रवाल्याचा, त्यानं उलटतपासणी घ्यायची. समोर सगळा वर्ग, टेबलावर टेपरेकॉर्डर. उलटतपासणी घेणाऱ्यानं आधी एकदा साक्षीदाराच्या घरी जाऊन राहायचं, हाही नियम. आणि सरांचा पहिला नियम तर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असे: 'आधी जागा विचारा, मग घटना.' माणूस घटना सजवून सांगतो, पण आपण कुठे उभे होतो ते त्याला सजवता येत नाही, असं सर म्हणत.

जोडीत बांधलेली पोरं एकमेकांच्या विरुद्धच असत. कारण त्या शनिवारच्या गुणांवर विभागातली संशोधन सहायकाची एकुलती एक जागा ठरे. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, वसतिगृहाची खोली आणि पुढे मागे प्राध्यापकी.

अंजनाला ती जागा मिळाली नाही तर काय होणार, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तिच्या मामानं परभणीचा एक कापडवाला पाहून ठेवला होता. पहिली बायको वारलेली, दोन मुलं, चाळिशीला टेकलेला. अण्णांनी मामाला कसंबसं थोपवलं होतं. जागा मिळाली तर पोरगी शिकेल, नाही मिळाली तर मे महिन्यात अक्षता.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या नामांकित वकिलाची एकुलती एक मुलगी. मला त्या जागेची गरज नव्हती. ती अंजनाला मिळू नये, एवढंच मला हवं होतं. आज हे लिहायला सोपं जातं. तेव्हा मी त्याला 'गुणवत्ता' म्हणत होते. दोन वर्षं प्रत्येक पेपरात ती पहिली आणि मी दुसरी. सर तिची टिपणं वर्गात वाचून दाखवायचे. त्यावर कहर म्हणजे ती टिपणं ती मला स्वतःहून आणून द्यायची, वर "तुझं इंग्रजी चांगलंय, तू यातून माझ्यापेक्षा चांगलं लिहिशील" असं म्हणायची. एखादीनं मिजास केली असती तर मी तिला माफ केलं असतं. चांगुलपणाचं काय करावं ते मला कळत नसे.

आमचा साक्षीदार म्हणजे तिचेच वडील; साक्ष ती काढणार, उलटतपासणी मी घेणार. त्यांचे थोरले भाऊ केरबा पतंगे हे गावचे हुतात्मे. रझाकारांनी कुऱ्हाडीनं मारलं, असं स्मारकावर कोरलेलं. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे आणि घटनेचे एकमेव हयात साक्षीदार.

सव्वीस जानेवारीला सकाळी स्मारकापाशी झेंडा चढला. सरपंच बापूराव गव्हाण्यांनी नारळ फोडला, पोरांनी घोषणा दिल्या. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि मला जे हवं होतं ते दिसलं. दगडावर नाव होतं, 'सप्टेंबर १९४८' होतं, पण तारीख नव्हती.

दुपारी अंजनाची आई रानात गेली. अंजना हापशावर पाणी आणायला गेली. अण्णा मशीनवर बसून कुणाच्या तरी चोळीला बाही लावत होते.

"अण्णा, दगडावर तारीख का नाही?"

मशीनचा पाय थांबला. "इसरले आसतील."

"सतरा सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं. केरबाकाका त्याच्या आधी गेले का नंतर?"

मग मी सरांचा नियम वापरला. अगदी हलक्या आवाजात, माझे वडील अशिलांशी बोलायचे तशा आवाजात विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठे उभे होता?"

अण्णांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढलं आणि ते मशीनच्या फळीवर उपडं ठेवलं.

"पेवावर," ते म्हणाले.

पेव म्हणजे धान्य साठवायचं अंगणातलं खोल भुयार. तोंडावर दगडी झाकण, वर माती. सगळं सांगायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. राज्य गेल्यावर आठ-दहा दिवसांनी गावानंच गावातल्या मुसलमानांची घरं धरली होती. शेजारी कापूस पिंजणारा रहमान पिंजारी, त्याची बायको आणि दोन लेकरं केरबानं रिकाम्या पेवात उतरवली. झाकण लावलं, त्यावर धाकट्या भावाला उभं केलं आणि बजावलं, 'नाऱ्या, काही झालं तरी हितून हलू नको.'

"मंग लोक आले," अण्णा म्हणाले. "रजाकार न्हाई, माय. आपलेच. रोज कपडे शिवाया येणारे. दादाला इचारत व्हते, कुठं हायेत. दादा म्हणला, म्हाईत न्हाई. मंग एकानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला काहीच इचारलं न्हाई."

"मग?"

"मी बाजूला झालो."

बाहेर कोंबडी ओरडत होती. त्यांनी अंगुस्तान उचललं, पुन्हा ठेवलं.

"एक शबुद बोललो न्हाई मी. नुसता बाजूला झालो. दादा आडवा गेला, त्येला तिथंच तोडला. मंग त्या चौघांला. धाकटं लेकरू माझ्यासंगं गोट्या खेळायचं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पुढं सरकारनं हुतात्म्यांची नावं मागितली. गावानं दादाचं दिलं. रजाकारानं मारलं म्हणून दिलं. मी कोन सांगणार, न्हाई म्हणून?"

"अंजनाला माहीत आहे?"

"न्हाई!" ते एकदम उठले. "तिला सांगू नको. कुणालाच सांगू नको, माय, पन तिला तर मुळीच न्हाई. ती काकाची पुतणी म्हणून शिकाया गेली. तिच्या नजरंत मी एवढा तरी ऱ्हाऊ दे."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "मी कुणालाही सांगणार नाही, अण्णा. तुमच्या पायांची शपथ."

अंजना घागर घेऊन आत आली तेव्हा अण्णा पुन्हा मशीन चालवत होते. तिनं घागर उतरवली, दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा टाकू?" संध्याकाळच्या एस.टी.नं निघताना अण्णांनी मला बाजरीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. मी ती वाटेतच संपवली. भूक मला चांगली लागली होती.

अकरा मार्चच्या शनिवारी अण्णा आले ते सरपंचांच्या जीपमधून. बापूराव गव्हाणे स्वतः आले होते. स्मारकाला नवं कुंपण घालायचं होतं, विद्यापीठाचा एक कागद मिळाला तर बरं, असा त्यांचा हिशेब. सोबत गावची चार माणसं, हार, पेढ्यांचा पुडा. अण्णांनी स्मारकाची खूण म्हणून घडी घातलेला झेंडा आणला होता. सरांनी तो टेबलावर टेपरेकॉर्डरशेजारी ठेवला. अण्णांनी तो तिथे पाहिला आणि दाराशी जाऊन वहाणा काढून आले. पुढचे दोन तास ते अनवाणीच होते.

पहिला तास अंजनाचा. तिनं वडलांना 'आपण' म्हणून प्रश्न विचारले, वर्ग थोडा हसला, अण्णाही हसले. केरबा कसे होते, काय खायचे, आंदोलनात कधी पडले, त्यांच्या जाण्यानंतर घराचं काय झालं. सगळं तिनं इतकं सुंदर काढलं की मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं डोळे पुसायला लागली. पण ज्या दिवसाबद्दल सगळे जमले होते, त्या दिवसापाशी आली की ती वळसा घालून पुढे जाई. तिचा तास संपला आणि मुळजकर सरांनी चष्मा काढला.

"पतंगे, एक विचारू? साक्षीदार घटनेच्या वेळी कुठे होता, हे तुम्ही विचारलंच नाहीत."

अंजनानं वही मिटली.

"फळ्यावर दोन वर्षं लिहिलंय. शाळेतलं पोर विसरणार नाही. पहिला नियम विसरलात तुम्ही, पतंगे, पहिला!"

वर्गात खसखस पिकली. तिनं खाली मान घातली आणि "हो सर" म्हणाली. तिचे गुण गेले, हे मला त्याच क्षणी कळलं. मी थांबू शकत होते. स्मारकाला अनुदान कुणी दिलं, समारंभाला कोण कोण पुढारी येतात, असे दहा प्रश्न माझ्या वहीत तयार होते. ते विचारले असते तरी जागा मला मिळण्यासारखी होती.

मी उठले, वही मिटली.

"अण्णा, तुम्ही त्या दिवशी कुठे उभे होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं विचारणारी नजर होती. मी आवाज तोच ठेवला, जानेवारीतला. मी कुणालाही काही सांगत नव्हते. शपथ मोडत नव्हते. मी फक्त विचारत होते.

"अंगणात," ते म्हणाले.

"अंगणात कुठे?"

त्यांनी टेबलावरच्या झेंड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे. खोटं बोलायचं असतं तर तीच वेळ होती. सगळं गाव सत्तेचाळीस वर्षं खोटं बोललं होतं, त्यांना काय अवघड होतं? पण झेंड्यासमोर त्या माणसाला ते जमेना.

"पेवावर."

"पेवात काय होतं?"

"रहमान पिंजाऱ्याचं कुटुंब."

सरपंच खुर्चीतून पुढे झाले. "ओ, हे काय चाललंय? अण्णा, चला."

"साक्षीदाराला बोलू द्या," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. अशी साक्ष त्यांच्या शनिवारांत कधी झाली नव्हती.

"लोक आले तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी बाजूला झालो."

"ते लोक रझाकार होते?"

"न्हाई."

"मग कोण? या खोलीत बसलेल्यांपैकी कुणाच्या घरचं होतं का त्यात कुणी?"

अण्णांनी सरपंचांकडे बघितलं नाही. पण सगळा वर्ग सरपंचांकडे बघत होता. बापूराव उठले, पेढ्यांचा पुडा काखेत मारला आणि आपली चार माणसं घेऊन बाहेर पडले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज टेपवर नीट आला आहे.

माझा एक प्रश्न उरला होता, राज्यशास्त्राचा. "ही गोष्ट रझाकारांनी मारलं अशी सांगण्यात फायदा कुणाचा झाला, अण्णा?"

त्यांनी हात लांबवून झेंड्याची घडी सारखी केली.

"माझाच झाला, माय," ते म्हणाले. "सतेचाळीस वर्सं मला कुणी इचारलं न्हाई, तू कुठं उभा व्हतास."

आणि मग त्यांनी अंजनाकडे पाहिलं. मी त्या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही, अण्णांकडेच पाहत होते. माणसाचा चेहरा असा एकदम म्हातारा होताना मी त्याआधी बघितला नव्हता. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही, पण झाला. तो झाला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

जीप निघून गेली होती, म्हणून बापलेक एस.टी. स्टँडवर गेले. मी त्यांच्या मागे का गेले ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा तिनं मला शिव्या द्याव्यात म्हणून. दिल्या असत्या तर फिट्टंफाट झाली असती.

अण्णा बाकावर बसले होते, झेंडा मांडीवर. अंजना नळावर त्यांच्यासाठी पाणी भरत होती. मी जवळ गेले.

"मी कुणाला सांगितलं नाही," मी म्हणाले. "मी फक्त विचारलं."

"हो. ऐकलं ना मी."

"अंजना, खरं बाहेर यायला नको होतं का? ती चार माणसं, ती लेकरं..."

"यायला हवं होतं." तिनं बाटलीचं बूच लावलं. "त्यांच्यासाठी विचारलं असतंस, तर मी तुझ्या पाया पडले असते."

मी वाहता नळ बंद केला.

"तुला काय वाटलं, मी पहिला नियम विसरले?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "सव्वीस जानेवारीला हापसा बंद होता. मी रिकामी घागर घेऊन परत आले होते. दाराआड उभी होते मी, वृंदा. सगळं ऐकलं. मग पाटलांच्या विहिरीवर जाऊन पाणी आणलं, म्हणून उशीर झाला."

"मग तू..."

"मला कळलंय, हे अण्णांना कळू द्यायचं नव्हतं. त्यांना तेवढं एकच उरलं होतं. म्हणून नाही विचारलं." तिनं मागे वळून बाकाकडे पाहिलं. "परीक्षा झाल्या की मी त्यांना घेऊन पिंजाऱ्यांचं कुणी उरलंय का ते शोधायला जाणार होते. हळूहळू त्यांच्याच तोंडून काढलं असतं. घरी. चार भिंतींत."

गाडी लागली. ती अण्णांना दंडाला धरून घेऊन गेली. जाताना अण्णा माझ्यापाशी क्षणभर थांबले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का, माय?" आणि उत्तराची वाट न बघता पायरी चढले.

जागा मला मिळाली. गावानं अण्णांकडे कपडे शिवायला टाकणं बंद केलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची इस्त्री सरपंचांच्या घरी झाली. अंजनाचं लग्न मे महिन्यात ठरल्याप्रमाणे परभणीच्या कापडवाल्याशी लागलं. अण्णा तिच्या दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून पायजम्यांना नाड्या घालतात, असं मला कुणीतरी सांगितलं. मी परभणीला तीनदा व्याख्यानाला गेले. बाजारपेठेतून जायचा रस्ता टाळला.

स्मारक आहे तिथेच आहे. दगडावर 'रझाकार' आहे आणि कुंपणही झालं. पिंजाऱ्यांचं कुणी उरलं होतं का, ते मी कधी शोधलं नाही. माझा शोधनिबंध मात्र छापून आला आणि पुष्कळ वाखाणला गेला.

आता विभागप्रमुख मी आहे. साक्षीचा शनिवार चालू ठेवलाय. दरवर्षी जानेवारीत नव्या मुलांना पद्धत कळावी म्हणून ती टेप ऐकवते. आता ती संगणकावर घेतली आहे. अंजनाचा आवाज येतो, मग सरांचा: "पहिला नियम विसरलात तुम्ही, पतंगे, पहिला!" त्या जागी मुलं हसतात. गेली पंचवीस वर्षं दरवर्षी हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

यंदा पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. चुणचुणीत आहे, पहिली येईल असं दिसतंय. टेप संपल्यावर तिनं हात वर केला.

"मॅडम, बाकी सगळे प्रश्न त्यांनी इतके अचूक विचारलेत. मग नेमका हाच त्या विसरल्या कशा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. फळ्याच्या कोपऱ्यात, सरांच्या अक्षरावर अक्षर गिरवून मी लिहिलेला नियम होता. मी त्याच्या अगदी समोर उभी होते.

मी बाजूला झाले.

"घाबरली असेल," मी म्हणाले. "नियम लिहून घ्या."